मुचलक्यावरचा अंगठा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. परंतु ज्यास ती पायरी चढावी लागली, ज्याचा गुन्हा शाबीत झाला, आणि तरीही जो तुरुंगाकडे न जाता त्याच पायरीने उतरून आपल्या गावी परत आला, त्याचे पुढे काय होते याची चौकशी सुशिक्षित घरांत फारशी होत नाही. आजच्या भाषणाचा विषय हाच मनुष्य आहे. आणि त्याच्या अनेक अडचणींपैकी एकच येथे घ्यावयाची आहे. त्यास वाचता येत नाही आणि कागदावरचा हिशेब कळत नाही.

श्रोत्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरसारख्या गावचे न्यायालय डोळ्यांसमोर आणावे. समोर एकोणीस-वीस वर्षांचा मजूर उभा आहे. आडत्याच्या वखारीतून त्याने सोयाबीनचे एक पोते लांबविले, गुन्हा पहिलाच, माल परत मिळाला. न्यायाधीश त्याचे वय पाहतात, घरची स्थिती पाहतात, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वाचतात, आणि शिक्षा न सुनावता त्यास चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडतात. हल्लीच्या कायद्याच्या मराठीत मुचलक्यास बंधपत्र म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र जुनाच शब्द आहे. कारकून शाईची गादी पुढे करतो. डाव्या हाताचा अंगठा कागदावर उमटतो. कागदाची एक नकल त्याच्या हाती दिली जाते. तो तिची चौघडी करून खिशात घालतो आणि गावी गेल्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवून देतो. पुढची दोन-तीन वर्षे त्याचे स्वातंत्र्य त्या नकलेतील ओळींवर अवलंबून असते, आणि त्यांपैकी एकही ओळ त्यास वाचता येत नसते.

ही सवलत काही आजकालची नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याच्या अपराध्यास मुचलक्यावर सोडण्याची तरतूद होती. पुढे १९३६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात या विषयाचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबई इलाख्याने असा कायदा १९३८ साली केला. म्हणजे या एका बाबतीत तरी वऱ्हाड मुंबईच्या दोन वर्षे पुढे होते, हे वऱ्हाडकरांनी अभिमानाने सांगावयास हरकत नाही. सबंध देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम आला तो १९५८ साली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची जुनी पुस्तके बदलली, पण हा अधिनियम आपल्या जागी कायम आहे. परदेशांत या पद्धतीचा उगम बोस्टन शहरातील जॉन ऑगस्टस नावाच्या एका जोडे बनविणाऱ्या कारागिराकडे नेऊन पोहोचवितात. १८४१ साली न्यायालयात उभ्या केलेल्या एका दारुड्यास त्याने स्वतः जामीन राहून सोडवून घेतले आणि सुधारून पुन्हा न्यायाधीशापुढे उभे केले. कायदा पुढे झाला. आधी एका शेजाऱ्याने दुसऱ्याची हमी घेतली.

१९५८ च्या अधिनियमाची कलमे थोडकी आहेत आणि समजावयास कठीण नाहीत. ज्या अपराधास देहान्ताची किंवा जन्मठेपेची शिक्षा नाही, त्यात न्यायालयास योग्य वाटल्यास अपराध्यास मुचलक्यावर सोडता येते. मुदत तीन वर्षांपलीकडे जात नाही. देखरेखीचा हुकूम झाला तर ती देखरेख किमान एक वर्ष चालते. अपराधी एकवीस वर्षांच्या आतला असेल, तर त्यास तुरुंगात पाठविण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविला पाहिजे, आणि पाठवावयाचेच ठरले तर त्याची कारणे नमूद केली पाहिजेत. राहण्याचे ठिकाण, मादक पदार्थांपासून दूर राहणे, असल्या अटी हुकुमात घालता येतात. ज्याचे नुकसान झाले त्यास भरपाई देण्याचाही हुकूम होऊ शकतो. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे की, देखरेखीच्या हुकुमातील अटी न्यायालयाने अपराध्यास समजावून सांगाव्यात आणि हुकुमाची एकेक प्रत अपराध्यास, जामीनदारास व परिवीक्षा अधिकाऱ्यास तत्काळ द्यावी, असे चौथ्या कलमातच लिहिले आहे.

कायदा करणाऱ्यांनी प्रत देण्याची आज्ञा घातली, ती ती वाचली जाईल या भरवशावर. न्यायालयाची भाषा परकी आहे ही सबबही आता पुरत नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली आहे.

अटी एकदा समजावून सांगितल्या म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु निकालाच्या दिवशी त्या तरुणाचे चित्त कोठे असते? बाहेर आई उभी असते, शेजारी पोलीस उभा असतो, तुरुंग टळला एवढाच अर्थ कानांत घुमत असतो. अशा वेळी सांगितलेल्या चार अटींपैकी तीन महिन्यांनी किती आठवतील? दुसऱ्याकडून वाचून घ्यावे म्हटले, तर त्यात निराळीच अडचण आहे. तो कागद दुसऱ्यापुढे उघडणे म्हणजे आपला गुन्हा पुन्हा एकदा बोलून दाखविणे. गावातील तलाठी, दुकानदार, शाळेत जाणारा पुतण्या, यांपैकी कोणापुढे तो कागद धरावा? म्हणून तो पेटीतच राहतो. आणि मग अमुक तारखेस अधिकाऱ्याकडे हजर राहावयाचे होते ती तारीख निघून जाते; वीटभट्टीवर किंवा दूरच्या शहरी कामास जाताना पत्ता कळवावयाचा होता तो राहून जातो; भरपाईचा हप्ता मधल्या मनुष्याच्या हाती दिला जातो आणि पावती घ्यावयाची राहते. नवव्या कलमाप्रमाणे अट मोडल्याची खबर न्यायालयात गेली, तर त्यास पुन्हा बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. पहिल्याच चुकीस पन्नास रुपयांपर्यंत दंड करून मुचलका चालू ठेवण्याची मोकळीक कायद्याने ठेवली आहे, हे खरे. परंतु दुष्टपणाने अट मोडणारा आणि अट वाचता न आल्याने चुकणारा असे दोघे समोर उभे राहिले, तर कागदावर ते सारखेच दिसतात.

अंगठ्याच्या या कागदाने महाराष्ट्रात पूर्वीही मोठा अनर्थ केलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली. त्यांना मुख्यत्वे हवे होते ते कर्जाचे रोखे. ते हाती पडताच त्यांनी जाळले. ज्या कागदात काय लिहिले आहे हे कळत नव्हते, त्याच कागदावर घर आणि शेत जात होते. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली जो शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला त्यात असे दस्तऐवज गावच्या नोंदणी कामगारासमक्ष लिहिले जावेत, पैशाची पावती मिळावी, अशी व्यवस्था घालून दिली. तो कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाडचा त्यात समावेश नव्हता. अंगठ्याचा ठसा ही वस्तू सरकारदरबारी शिरली तीही आपल्याच देशातून. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ साली ठशांचे पहिले कार्यालय कलकत्त्यास स्थापन झाले. ठसा देणारा कोण हे त्यावरून अचूक ठरते. त्यास मजकूर समजला होता की नाही, हे कोणत्याही ठशावरून ठरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. निरक्षरता गुन्ह्याची जननी आहे, असे वाक्य व्याख्यानांतून टाळ्या घेते, पण ते तपासून घेतलेले बरे. खोटा दस्तऐवज करावयास अक्षर लागते. बँकेची फसवणूक करावयास तर उत्तम हिशेब लागतो. आपल्या खेड्यांतील अंगठाबहाद्दर म्हातारे-म्हाताऱ्या जन्मभर कोणाच्या काडीस हात न लावता गेल्या. तेव्हा लिहिता-वाचता आले की मनुष्य सज्जन होईल, अशी आशा येथे कोणी दाखवीत नाही. म्हणणे इतकेच की, ज्यास सुधारण्याची संधी न्यायालयाने दिली, त्याची ती संधी केवळ वाचता न आल्याने हातची जाऊ नये.

आकडे पाहिले तर हा प्रश्न किती घरांचा आहे हे ध्यानात येते. २०११ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि सात वर्षांवरील लोकांत साक्षरांचे प्रमाण शेकडा ८३ च्या आसपास होते. देशातील तुरुंगांचा २०१९ चा सरकारी अहवाल पाहिला तर बंदिवानांत चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे निरक्षर आढळतात. मुचलक्यावर सुटलेले हे तुरुंगातल्यांपेक्षा फार निराळ्या घरांतून आलेले असतात, असे मानण्यास कारण नाही. शिवाय साक्षर म्हणून मोजलेल्यांतही सहीपुरते साक्षर पुष्कळ असतात. चौथीत शाळा सुटली, नंतर गुरांमागे, नंतर कापूस वेचणीस. नाव तेवढे काढता येते, पण छापलेल्या कागदाच्या तिसऱ्या ओळीवर डोळा थकतो. अशांची सही पाहून कारकून समाधानाने पुढचा कागद ओढतो. वास्तविक अंगठेवाल्यापेक्षा हा सहीवालाच अधिक धोक्यात असतो, कारण त्यास वाचता येत नाही अशी शंकाच कोणास येत नाही.

नवल असे की, जो तुरुंगात गेला त्याच्यासाठी थोडीबहुत सोय आहे. मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे चालतात, परीक्षा होतात, पदवीधर बंदिवानाचे छायाचित्रही वर्तमानपत्रांत येते. ज्यास न्यायालयाने तुरुंगाबाहेर ठेवण्यायोग्य मानले, त्याच्यासाठी मात्र वेगळी पाटी कोणी ठेवलेली नाही.

मग त्यास शिकवावयाचे काय? प्रौढांच्या वर्गात मुलांची अंकलिपी पुढे ठेवली की तो प्रौढ दुसऱ्या दिवशी येत नाही, हा अनुभव प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्यांस नवा नाही. ‘कमळ बघ’ हे वाक्य वाचून वीस वर्षांच्या हमालास काय मिळणार? त्याची अंकलिपी त्याच्याच पेटीत आहे. ती म्हणजे मुचलक्याची नकल. 

त्या कागदाच्या परिवारातले तीन शब्द घ्यावेत: कलम, नकल आणि हजर. तिन्ही शब्दांत काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. तीन शब्दांत मिळून सात अक्षरे होतात: क, ल, म, न, ह, ज, र. शाळेत ‘ग म भ न’ या क्रमाने जसे आकाराच्या साम्यावर अक्षरे घेतात, तसा हा क्रम त्या मनुष्याच्या गरजेवर घेतलेला आहे. या सात अक्षरांतून नजर, नरम, लहर, जहर, महल हे शब्द आपोआप निघतात. एक काना शिकविला की काम, माल, जमा, रजा, हमाल, हजार, काका आणि मामा येऊन मिळतात. एक मात्रा दिली की मेहकर हे गावाचे नाव त्याच्या हातून उमटते, आणि एस. टी.च्या पाटीवर ते ओळखता आले की त्या दिवशी त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो शिकविणाऱ्याने एकदा पाहावाच. पुढे दीर्घ वेलांटी येते. तीबरोबर हमी येते, जमीन येते, जामीन येतो. जमीन आणि जामीन या शब्दांत अवघ्या एका कान्याचे अंतर आहे. त्या एका कान्याने कागदाचा अर्थ कसा पालटतो हे शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही. यानंतर ऱ्हस्व उकार, द आणि त मिळविले की मुदत आणि मदत. ख मिळविला की तारीख. रक्कम हा शब्द जोडाक्षरामुळे थोडा दम काढतो. तो शेवटी घ्यावा. रोज तासभर असे बसले तर काही आठवड्यांत आपल्या नकलेतले मुख्य शब्द तो बोट ठेवून दाखवू शकतो. कायद्याची लांबलचक वाक्ये त्यास समजतील असे नाही; ती पुष्कळ वेळा मॅट्रिक झालेल्यासही समजत नाहीत. तारीख, ठिकाण, रक्कम, मुदत ही चार स्थळे कागदावर कोठे आहेत हे कळले तरी पहिले काम झाले.

हिशेबाचा भाग यापेक्षाही नाजूक आहे, आणि सुशिक्षितांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच होतो. निरक्षर मनुष्यास गणित येत नाही, असे आपण धरून चालतो. कापूस वेचणाऱ्या बाईस संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी पाहिले म्हणजे हा भ्रम दूर होतो. विसांच्या हिशेबाने, बोटांच्या पेरांवर, ती आपली मजुरी तोंडी काढते आणि मुकादमाने चार रुपये कमी दिले तर जागच्या जागी पकडते. जुन्या पिढीस पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असत. गणित डोक्यात असते. कागदावर ते उतरत नाही, एवढेच. तेव्हा शिक्षकाने बेरीज शिकवावयास न बसता, तिला येते ती बेरीज लिहावी कशी ते शिकवावे.

लिहिताना पहिली ठेच लागते ती आपल्या आकड्यांच्या नावांची. सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारतात आणि वीस मागून. ऐकून लिहिणारा हात साहजिकच आधी सात मांडतो आणि सत्तावीसाचे बहात्तर होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन जुन्या नावांच्या जोडीने दिले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला होता हे श्रोत्यांस आठवत असेल. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले होते. थट्टेच्या गलबल्यात ते फार थोड्यांच्या कानी पडले. मुलांच्या बाबतीत काय करावे हा वाद बाजूस ठेवू. प्रौढास नावे पाठ असतात, पण लिहिताना क्रम उलटतो; त्याच्या उपयोगास ‘वीस सात’ ही युक्ती फार चांगली पडते.

दुसरी ठेच दोन प्रकारच्या अंकांची. तलाठ्याच्या जुन्या उताऱ्यावर आणि शाळेच्या फळ्यावर मराठी अंक; भ्रमणध्वनीवर, विजेच्या काट्यावर आणि कित्येक छापील नमुन्यांत इंग्रजी अंक. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी पाच इंग्रजी चारास जवळचा वाटतो. पहिल्या तारखेस हजर राहावयाचे असता मनुष्य नवव्या तारखेस गेला, तर त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणारे आपण, त्या दोन आकड्यांचे साम्य कधी ध्यानात घेतो काय? दोन्ही अंक शेजारी शेजारी मांडूनच त्यास शिकविले पाहिजेत. काट्यावरचा दशांश हीदेखील अशीच गोष्ट. पाऊण किलो त्यास जन्मापासून ठाऊक आहे. टिंबापुढचे पंचाहत्तर म्हणजे तीच पाऊण, एवढे एकदा सांगितले की ओळख पटते.

यानंतर त्याचा स्वतःचा हिशेब. समजा, सहा हजार रुपये भरपाई दरमहा पाचशेप्रमाणे द्यावयाची आहे. बारा हप्ते होतात हे तो तोंडी सांगेल. वहीत बारा रेघा आखाव्यात, प्रत्येक रेघेत तारीख, दिलेली रक्कम, राहिलेली रक्कम लिहावयास लावावी, आणि पावतीवरचा आकडा व वहीतला आकडा जुळतो की नाही हे त्यानेच पाहावे. वजाबाकीचे सबंध प्रकरण त्या बारा रेघांत संपते. खेड्यातील मनुष्य आठवडी बाजार, अमावस्या, पोळा, दसरा यांवर दिवस मोजतो. न्यायालय महिना आणि तारखेवर मोजते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत हे दोन्ही हिशेब एकाच चौकटीत असतात. तीच त्याची दुसरी पुस्तिका. देखरेखीच्या तारखांवर स्वतःच्या हाताने गोल काढलेली दिनदर्शिका घरात टांगलेली असली, तर ‘विसरलो’ म्हणण्याची वेळ सहसा येत नाही.

हे शिकवावे कोणी? परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत सुटलेल्यास सल्ला देणे व साहाय्य करणे हे चौदाव्या कलमात आलेच आहे. परंतु बुलढाणा जिल्हा साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, तालुके तेरा. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद एका टोकास, लोणार आणि सिंदखेडराजा दुसऱ्या टोकास. अधिकाऱ्याने प्रत्येकाच्या ओट्यावर बसून बाराखडी घ्यावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. चौकशीच्या वेळी अपराध्याचे शिक्षण किती हे तो विचारतोच. उत्तर ‘निरक्षर’ असे आले, की ते नुसते लिहून न ठेवता त्याच गावी शिकविणारे कोण आहे हे शोधून द्यावे, इतके त्याच्याकडून व्हावे. आणि शिकविणारे सापडतात. केंद्र सरकारचा उल्लास नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांस गावातीलच स्वयंसेवकांनी शिकवावे अशी त्याची योजना. त्याची चाचणी दीडशे गुणांची: वाचन पन्नास, लेखन पन्नास, अंकज्ञान पन्नास. उत्तीर्णास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. शेगाव, खामगाव, मलकापूर, चिखली येथील निवृत्त मंडळींस संध्याकाळचा एक तास काढणे कठीण नाही. तेराव्या कलमात तर असेही म्हटले आहे की, विशेष प्रसंगी न्यायालयास योग्य वाटेल अशा कोणाही व्यक्तीस परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम देता येते.

मात्र ‘गुन्हेगारांचा वर्ग’ अशी पाटी कोठेही लागू नये. परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये म्हणून कायद्याने बारावे कलम घातले; तो डाग आपण वर्गाच्या दारावर रंगवावयाचा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली, तेव्हा सबंध गाव एकदम शिकावयास बसे; कोण कोणापेक्षा अधिक अडाणी याची लाज तेथे उरत नसे. आजच्या वर्गातही हा तरुण गावच्या आया-बहिणींबरोबर बसावा. त्याचा कागद मात्र शिक्षकाने एकान्तात घ्यावा. वेळ पावसाळ्याची बरी; पेरणी आटोपल्यापासून दसऱ्यापर्यंत संध्याकाळ मोकळी असते. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी लागली की वर्ग ओस पडणार, आणि वेचणी संपली की अनेकजण गाव सोडून कामास जाणार. त्याआधी दोन ओळींचा अर्ज त्यास लिहिता आला पाहिजे: अमुक गावी, अमुक कामास, अमुक महिन्यापर्यंत जात आहे. या दोन ओळी वेळेवर न लिहिल्याने किती वॉरंटे निघत असतील!

काही सज्जनांचे म्हणणे असे की, न्यायालयाने शिकण्याची अटच मुचलक्यात घालावी. कायद्यात तशी जागा काढता येईलही. परंतु हे टाळलेलेच बरे. शिकणे ही अट झाली की वर्ग चुकविणे हा अटीचा भंग झाला, आणि वेलांटी चुकते म्हणून लाजून घरी राहिलेला तरुण त्याच कारणाने तुरुंगात जाऊ शकतो. इंग्लंडने हा मार्ग मोठ्या यंत्रणेसह चोखाळून पाहिला आहे. २००२ सालच्या तेथील सरकारी अहवालात बंदिवानांपैकी निम्मे वाचनात, दोनतृतीयांश अंकज्ञानात आणि पाचांतील चार लेखनात अकरा वर्षांच्या मुलाच्या पातळीवर किंवा खाली असल्याचे नमूद केले होते. परिवीक्षेवरील लोकांसाठी वर्ग निघाले, उद्दिष्टांचे आकडे ठरले. २००४ साली त्या वर्गांचे परीक्षण प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की, गरजू म्हणून शोधून काढलेल्यांपैकी थोडेच वर्गात आले आणि त्यांतले फारच थोडे शेवटपर्यंत टिकले. आकडे भरण्याच्या घाईत माणसे गळली. त्या सरकारी अहवालातला वाचनापेक्षाही अंकज्ञानाचा कमकुवतपणा आपल्याकडे जसाच्या तसा असेल असे नाही. आपल्या मजुराचे तोंडी गणित पक्के असते. हजेरीची गोष्ट मात्र कोणत्याही देशात सारखीच. ज्यास आपल्या कागदात काय आहे हे जाणण्याची ओढ लागली, तो येतो.

राहिला जामीनदार. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. बहुधा तो बाप असतो, नाहीतर मामा. मुलाच्या अंगठ्याशेजारी त्याचाही अंगठा असतो, आणि कायद्याप्रमाणे त्यासही एक नकल मिळते. मुलगा चुकला तर मुचलक्यात लिहिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. ती किती, हे पुष्कळदा त्यासही ठाऊक नसते. म्हणून वर्गात पाट मांडावयाचे ते दोन मांडावेत. बाप पहिले काही दिवस नुसता दाराशी बसेल, विडी ओढीत, आपल्या वयास हे काय शोभते असे म्हणत. त्यास आग्रह करू नये. ‘जमीन’ आणि ‘जामीन’ हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून शिक्षकाने तेवढे मोठ्याने वाचावेत.